एवढे पैसे कशाचे?

अमळनेरजवळच्या आमच्या गावचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं की नाही, यावर चुलतभावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद चालू आहे. त्यात मी बेटावरच्या सुट्टीचे फोटो टाकले. जिभाऊंनी लगेच लिहिलं, "एसी नाही, टीव्ही नाही, मग एवढे पैसे कशाचे?" धाकट्यानं भर घातली, "पर्यावरण म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले."

राग आला. अजून गेलेला नाही.

बेट इंडोनेशियातल्या बिंतानच्या पूर्वेला. मी राहतो त्या सिंगापूरमधल्या तनाह मेराहहून फेरी, पुढे गाडी, मग छोटी होडी. घड्याळ एक तास मागे. लाकडाच्या मोजक्या झोपड्या, वर अलांग-अलांग गवताचं छप्पर, भिंती अर्ध्याच. प्लास्टिकची बाटली कुठे दिसत नाही. पाणी जपून वापरा, हे आल्या आल्या सांगतात. बाकीचे पाहुणे त्याचं कौतुक करत होते. टँकरची वाट पाहत वाढलेल्या माणसाला त्यात काय नवल?

चोचले म्हणे! पांझरेवरची फड पद्धत कोणत्या साहेबानं शिकवली? नदीवर बंधारा, तिथून पाट, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी द्यायला गावाचा पाटकरी. पंप नाही, वीज नाही, आणि शेकडो वर्षं चाललं. वरच्या अंगाला धरणं झाली, ज्यानं त्यानं विहिरी खोदल्या, आणि बरेच फड मोडले. सिंगापूरला स्वतःचं पाणी पुरत नाही, १९६२च्या करारानं मलेशियातल्या जोहोरहून येतं. म्हणून इथे २००३पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. त्याला कोणी चोचले म्हणत नाही. आपल्याकडे केळीला ठिबक घालणारा माणूस घरच्या टाकीचा नळ मात्र वाहता ठेवतो.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. जरा लांबलंच.

जिभाऊंचं उत्तर आलं. तुझ्या बेटावर पारा फार तर तेहतीस, वर चोवीस तास समुद्राचा वारा. इथे मे महिन्यात ४५. मातीच्या जाड भिंती दुपार काढतात, पण दिवसभराची धग रात्री आत सोडतात. म्हणून तर आपण बाजा धाब्यावर टाकून झोपायचो. आता धाब्यावर झोपतो कोण?

यातलं काही खोडता येत नाही. माझ्या एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी गृहनिर्माणाच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत एसी आहे, हे सुदैवानं अजून कोणी काढलेलं नाही. ते घर मला हवं आहे ते राहण्यासाठी नाही. इथला पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी झाल्यावर गावाकडे माझ्या नावचं म्हणावं असं तेवढंच उरलंय. हे मात्र ग्रुपवर लिहिलं नाही. तिथे मी वारसा, कार्बन वगैरे लिहिलं.

घर ठेवायचं तर पावसाआधी दरवर्षी धाब्यावर खारी, म्हणजे खारट पांढरी माती टाकावी लागते, नाहीतर गळतं. मी खर्च पाठवतो म्हणालो. जिभाऊ म्हणाले, पैसे नको पाठवू, मे महिन्यात ये आणि वर चढ.

पण इथल्या शाळांना सुट्टी जूनमध्ये असते.