जरा इथे खरखरीत लागतंय

घासलेल्या लाकडावरून बोट फिरवल्याशिवाय आपल्याकडचा माणूस पुढे सरकत नाही. जेवायला बोलावलं तर आमटीत मीठ नाही हे सांगायला जीभ रेटत नाही. पण फळीवर बोट टेकवून, डोळे बारीक करून ‘जरा इथे खरखरीत लागतंय’ म्हणताना कुणाला काडीचा संकोच वाटत नाही.

झोपाळ्याची सागवानी फळी मी स्वतः पॉलिश करायला घेतली, ती मिस्त्रींनी सांगितलेली मजुरी ऐकून. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मागितला तर पोरगा म्हणाला, ‘कितीचा?’ मी म्हटलं, ‘द्या पन्नासेक रुपयांचा.’ त्याला नंबर हवा होता. ८० नंबर म्हणजे जाड दाण्याचा, ओरबाडणारा. नंबर वाढत जाईल तसा कागद मवाळ होतो, निवृत्ती जवळ आलेल्या साहेबांसारखा.

८० ने जुनं पॉलिश निघालं, १२० आणि १८० ने खांदे निघाले. मग फळीवरून ओला बोळा. कोऱ्या लाकडाला पाणी लागलं की दबलेले तंतू ताठ उभे राहतात. ते वाळू द्यायचे आणि २२० ने अलगद उडवायचे, म्हणजे पुढे पॉलिश लावताना डोकं वर काढत नाहीत. हे तंतू उभे असतानाच सासूबाई आल्या. बोट फिरलं. ‘जावईबापू, खरखरीत लागतंय हो.’ तंतूंचं शास्त्र मी समजावून सांगितलं. ‘असेल बाई,’ असं त्या आपल्या मुलीकडे बघून म्हणाल्या.

लाकडाची छिद्रं बुजवणारा सीलर झाला, ३२० झाला, पॉलिशचे हात झाले, ते कडक वाळले. आता खरा खेळ, वॉटर पेपरचा. त्याचे काळे दाणे सिलिकॉन कार्बाइडचे. एडवर्ड अ‍ॅचेसन हा अमेरिकन गृहस्थ कृत्रिम हिरे करायला बसला होता, १८९१ मध्ये हातात आले हे दाणे. पाण्यात टिकणारा कागद १९२१ मध्ये बाजारात आला, आणि मोटारींचं रंगकाम करणाऱ्यांच्या नाकातोंडात जाणारी धूळ त्याने कमी केली. आमच्या घरात धूळ कमी झाली हे खरं. पण बादली, चिंध्या आणि गॅलरीभर दुधट चिखल वाढला, तो हिशेब कुणी धरत नाही.

कागद पाण्यात भिजत टाकायचा, लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा, पाण्यात साबणाचा थेंब. ६००, मग ८००, मग १०००. दाब द्यायचा नाही, रेषा धरून जायचं, कडांना जपायचं. तिथे पॉलिश पातळ असतं आणि दोन हात जास्त पडले की लाकूड उघडं. अधूनमधून पुसून, मान वाकडी करून, तिरक्या उजेडात बघायचं. घासलेला भाग निस्तेज दिसतो. जिथे अजून चकाकी आहे तो खळगा, कागद तिथे पोचलेलाच नाही. म्हणजे चकाकी आणायची तर आधी असलेली शेवटच्या ठिपक्यापर्यंत मारायची. हे बायकोला कोण सांगणार? ‘अहो, आरशासारखी दिसत होती! घालवलीत ना?’ रबिंग कंपाउंडने परत येते म्हटलं, तर म्हणे, ‘मग घालवलीत कशाला?’ या प्रश्नाला उत्तर आहे. पण ते ओल्या हातांनी, उकिडवं बसून देता येत नाही.

शेजारचे काका पेपर मागायला आले, बोट फिरवून गेले. धुण्याभांड्याच्या मावशी पदराला हात पुसून: ‘दादा, या कोपऱ्याला जरासं...’ कुरिअरवाल्यानेसुद्धा सही घेता घेता फळीला हात लावला आणि काही न बोलता मान हलवली. ते सगळ्यात लागलं.

सोमवारी ऑफिसात हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला, फुंकर मारून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला. यंत्र मला ओळखायला तयार नाही. मागे रांग वाढली. शेवटी शिपाई आला. माझा अंगठा हातात धरून त्याने त्यावरून आपलं बोट फिरवलं, उलटसुलट, दोनदा. मी श्वास रोखून उभा.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘काय गुळगुळीत झालाय हो!’