ओव्हल मैदानासमोरच्या फ्लॅटबद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

रविवारी तुम्ही मुंबईत ओव्हल मैदानासमोरचा, आमच्याकडे विक्रीला असलेला रीसेलचा फ्लॅट बघून गेलात आणि दोन स्टार देऊन लिहिलंत : ‘रिनोव्हेटेड म्हणतात, पण लाद्या जुन्याच, खिडक्या जुन्याच, बेडरूमच्या छताला रंगसुद्धा नीट नाही. बाल्कनी आत घेता येत नाही, पार्किंग नाही. भाव मात्र नव्या टॉवरचा. जुन्या बिल्डिंगचे कागद कसे असतील ते वेगळंच.’ तुमचा रिव्ह्यू वाचून दोघा-तिघांचे फोन आले, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आधी छताचं बघू. बेडरूमच्या बीमवर तुम्हाला जो राखाडी पट्टा दिसला, त्या घरातला सगळ्यात जास्त पैसा तिथे गेला आहे. इमारत 1930 च्या दशकातली, आरसीसीची. जमीन समुद्रात भर घालून केलेली आणि आजही समुद्र दोन गल्ल्यांपलीकडे. इतकी वर्षं खारी हवा काँक्रीटमध्ये मुरली की आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट ढलप्यांनी सुटायला लागतं. त्यावर पीओपी मारून फॉल्स सीलिंग केलं की घर चकाचक दिसतं, आणि गंज आत वाढतच राहतो. आम्ही ते केलं नाही. पक्कं काँक्रीट लागेपर्यंत सगळं सैल काँक्रीट फोडून काढलं, सळई तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ केली, जिथे ती झिजून बारीक झाली होती तिथे शेजारी नवी सळई बांधली, गंजरोधक कोट दिला आणि पॉलिमर मॉर्टर थराथराने भरलं. रंग मुद्दाम दिलेला नाही. जुन्या-नव्या काँक्रीटच्या सांध्यावर चीर पडली आहे का, हे रंगाखाली दिसत नाही. घेणाऱ्याने आपला इंजिनिअर आणावा, हातोडीने ठोकून बघावं. आवाज पोकळ आला तर आम्हाला जाब विचारावा. सौदा पक्का झाला की घेणाऱ्याच्या पसंतीचा रंग आमच्या खर्चाने देणार, हे तुम्हालाही तिथे सांगितलं होतं.

लाद्यांचं म्हणाल तर हॉलमधली मोझॅक लादी त्या काळची आहे, काळ्या पट्टीच्या किनारीसकट. पॉलिश केल्यावर ती कशी उजळली ते तुम्ही पाहिलंत. तडे गेलेल्या थोड्या लाद्या आहेत, त्या घट्ट बसलेल्या आहेत, म्हणून तशाच ठेवल्या. लोक सुचवतात की वरून व्हिट्रिफाइड टाइल टाकून द्या. पण टाइल आणि तिच्याखालचा मसाला, दोन्हीचं वजन त्या जुन्या स्लॅबवर येणार. जुनी लादी ब्रेकरने उखडायची तर हादरे खालच्या घराच्या छतापर्यंत जाणार. चांगल्या लादीसाठी हा धोका मी कुठल्याच गिऱ्हाइकाला पत्करायला सांगणार नाही.

खिडक्या सागवानी आहेत. कुजलेले भाग कापून तिथे सागवानच जोडलं, बिजागऱ्या बदलल्या. स्लायडिंगची खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, ही पूर्ण उघडते आणि मैदानावरचा वारा थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो. शिवाय बाहेरून दिसणारं काहीही मनाप्रमाणे बदलता येत नाही. मुंबईत 1995 पासून हेरिटेज नियमावली आहे. ओव्हलच्या पश्चिमेची ही आर्ट डेको (त्या काळच्या गोलाईदार शैलीतली) रांग आणि समोरची हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवरची गॉथिक रांग 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, मरीन ड्राइव्हच्या इमारतींसह एकूण 94. म्हणून बाल्कनी आत घेता येत नाही आणि एसीचं आउटडोअर युनिट मागच्या डक्टमध्ये बसवलंय. माझं वैयक्तिक मत विचाराल तर हे योग्यच आहे. गोलाई घेतलेल्या त्या बाल्कन्या आणि खिडक्यांवरचे ते सलग छज्जे प्रत्येकाने आपापल्या सोयीने ॲल्युमिनियम लावून झाकले असते, तर तुम्ही आणि मी तिथे फ्लॅट बघायला गेलोच नसतो. ज्यांना बाल्कनीची खोली करायची आहे त्यांनी हे घर घेऊ नये, असं मी फोनवरच सांगतो.

जे नवीन आहे ते भिंतीत आणि जमिनीखाली आहे, म्हणून तुमच्या नजरेस पडलं नसेल. लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग काढून सगळं तांब्याचं केलं, अर्थिंगसह. गंजलेले जीआय (लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणारे प्लॅस्टिकचे टाकले. दोन्ही बाथरूम स्लॅबपर्यंत उघडून वॉटरप्रूफिंग केलं, पाणी भरून ठेवलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आपलं छत कोरडं असल्याचं सांगितल्यावरच वर लाद्या बसवल्या.

पार्किंग नाही, हे खरं आहे आणि जाहिरातीत लिहिलेलं आहे.

कागदांबद्दलची शंका मात्र रास्त आहे. दक्षिण मुंबईत बरीच जुनी घरं पागडीची असतात. तिथे तुम्ही भाडेकरूच राहता, घर दुसऱ्याच्या नावे करायचं तर मालकाची संमती आणि त्याचा वाटा आलाच, आणि कर्जाला बँका सहसा तयार नसतात. म्हणून घर कितीही आवडलं तरी पहिला प्रश्न हाच विचारावा. हा फ्लॅट ओनरशिपचा, नोंदणीकृत सोसायटीतला आहे. शेअर सर्टिफिकेट आणि आधीच्या सगळ्या करारांची साखळी फाइलमध्ये लावलेली आहे. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. सोसायटीने ते करून घेतलंय, त्याची प्रतही आहे.

आता भाव. तो आम्ही कार्पेटवर, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर सांगितलाय, टेप घेऊन या आणि मोजा. बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये भावावर 5 टक्के जीएसटी वेगळा पडतो, रीसेलवर तो नाही. स्टॅम्प ड्युटी दोन्हीकडे सारखीच. एवढं धरूनही तुम्हाला भाव जास्त वाटला तर तुमची ऑफर कळवा, मी ती विक्रेत्यांसमोर ठेवतो.

तुमचा इंजिनिअर घेऊन पुन्हा या, त्याला घराचा कुठलाही कोपरा उघडून बघू दे. बीम बंद करण्याआधीचे फोटो आणि कागदांची फाइल ऑफिसात आहे. झेरॉक्स हव्या असतील तर आदल्या दिवशी फोन करा, काढून ठेवतो.