हजार नावांच्या निबंधात शेठच्या भाच्याचं नाव

वाशिमहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव. फवारणी आटोपली की संध्याकाळी पारावर चौघं जमतो: कृषी केंद्राचे शेठ, मोटरपंप दुरुस्त करणारा भाऊ, जिल्हा परिषद शाळेतले मास्तर आणि मी. परवाचा वाद शेठच्या भाच्यावरून पेटला. पोरगा पुण्यात गुरुत्वीय लहरींवर, म्हणजे दूरवर तारे एकमेकांत मिसळले की अवकाशातच उठणाऱ्या बारीक थरथरीवर, पीएचडी करतो. शेठनं मोबाइलवर त्याच्या शोधनिबंधांची यादी दाखवली, भली लांब. भाऊनं त्यातला एक उघडला आणि नावांवरून बोट सरकवत राहिला. नावं संपेचनात.

"हे तं लग्नपत्रिकेवानी झालं ना शेठ! सारे सोयरे घातले. याच्यात तुमच्या भाच्यानं काय केलं, कसं समजावं?"

"उगाच नाव नाही घालत तिथं कोनी," शेठ भडकले. "रातरात जागते पोरगं."

भाऊचा प्रश्न मला रास्त वाटला. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या लायगो या अशा लहरी टिपणाऱ्या प्रयोगशाळेच्या दोन यंत्रांनी पहिली गुरुत्वीय लहर पकडली. 11 फेब्रुवारी 2016 ला तो निबंध जाहीर झाला, त्यावर हजारावर नावं आहेत, तीही इंग्रजी आडनावांच्या क्रमानं. म्हणून जग त्याला 'अ‍ॅबट आणि इतर' म्हणतं. पहिलं नाव म्हणजे सगळ्यात मोठं काम, असा हिशेब तिथं चालतच नाही. मग नोकरीसाठी नुसते निबंध मोजून माणूस जोखतात, ते मोजतात तरी काय? माझा या मोजणीवर राग आहे.

मास्तर म्हणाले, "खरं काम दोन नावाईच्या निबंधात असते. नारळीकरांचं पाहा. 1964 मध्ये इंग्लंडच्या खगोलशास्त्रज्ञ हॉईलसोबत गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, दोघंच. अन् 1991 मध्ये सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर, तेही दोघंच."

धुरंधरांचं काम मास्तरांनी छान उलगडलं. दोन ताऱ्यांची जोडी फिरत फिरत एकमेकांत मिसळताना लहर कशी उठेल, हे आधी गणितानं काढायचं. असे कितीतरी आकार तयार ठेवायचे आणि यंत्रातल्या गोंगाटावरून एकेक फिरवून कोणता जुळतो ते पाहायचं. 2015 ची लहर आधी दिसली ती आकार न धरता शोधणाऱ्या दुसऱ्या पद्धतीतून, तीन मिनिटांच्या आत. पण आकार जुळवल्यावर कळलं, की निव्वळ गोंगाटातून असा योगायोग 2,03,000 वर्षांत एकदाही घडणं कठीण. खरी खात्री इथून आली.

तरी मास्तरांचं मला अर्धंच पटलं. यंत्र उभं राहिलं नसतं तर 1991 चं गणित कागदावरच राहिलं असतं. लायगोच्या चार किलोमीटरच्या नळीच्या टोकाला लेझरचा किरण परतवणारा 40 किलोचा आरसा टांगलेला असतो, केसाएवढ्या नाही पण अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक अशा काचेच्या तारांवर. जमिनीचा कंप त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून एकाखाली एक टांगण्या. ते करणाऱ्यांची नावं त्या हजारांतच आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. नारळीकरांचंही नुसत्या निबंधांवरून मोजू नये. 1988 मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, ती विद्यापीठांतल्या, कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी येऊन संशोधन करावं म्हणून. तिथं जमून इतरांनी केलेलं काम नारळीकरांच्या यादीत कुठं दिसणार?

भाऊ आरशातच अडकला होता. "काचेची तार? चाळीस किलोले?" त्याला कंपाचं दुखणं ठाऊक, बेअरिंग गेलेला पंप तो हात ठेवून ओळखतो.

शेवटी शेठनं भाच्यालाच फोन लावला, स्पीकरवर. पोरगा न लाजता बोलला. "मामा, आकडा अचानक उसळला, तं ती लहर की जमीन हलली की वीज कडाडली, हे आम्ही तपासतो. खोटं निघालं तं काढून टाकतो. ते ओळखायची एक नवी रीत आम्ही तिघांनी काढली, त्याचे दोन निबंध वेगळे आहेत."

"मंग हे सांगा ना शेठ," भाऊ म्हणाला. "यादी कायले दाखवता?"

शेठनं मान डोलावली, पण फोन काही ठेवू दिला नाही भाऊनं. लायगोचं भारतातलं यंत्र औंढा नागनाथजवळ व्हायचं आहे. 2023 मध्ये केंद्रानं 2,600 कोटींची मंजुरी दिली. आमच्यापासून ते काही लांब नाही.

"बरं बाबू, मले एक सांग," भाऊ फोनजवळ सरकला. "औंढ्याले ते आरसे टांगायले इकडचे माणसं घेतीन काय? अन् त्याच्यासाठी शिकाव काय लागते?"