‘बेबंद’ आणि ‘सरसकट’ एक नव्हेत
‘बेबंद’, ‘बेलगाम’, ‘बेछूट’ आणि ‘सरसकट’ हे शब्द एकाच अर्थाचे म्हणून मांडणाऱ्या एका लेखात ‘बेबंद’ हा शब्द संस्कृत ‘बंध’पासून मराठीत घडला, असे म्हटले आहे; ते पटत नाही. ‘बे’ हा ‘विना’ या अर्थाचा फारसी उपसर्ग आहे आणि ‘बंद’ही फारसीच, त्याचे ‘बंध’शी असलेले साम्य दोन्ही भाषा एकाच कुळातील असल्यामुळे आहे. ‘बेलगाम’ची घडण तशीच, फक्त तिथे घोडा अजून दिसतो. लेखकांनी ‘सरसकट’लाही याच रांगेत बसवायला नको होते, कारण ‘सरसकट कर्जमाफी’त भेद न करणे आहे, बेफामपणा नाही, ‘बेछूट गोळीबारा’त मात्र दोन्ही आहेत. पुण्याच्या वाहतुकीला आपण ‘बेबंद’ म्हणतो (आणि ते योग्यच आहे), ‘सरसकट’ कोणीही म्हणणार नाही.