अमृताच्या ताटात नरोटी

आज मीटिंगमध्ये आमच्या नव्या टीम लीडने पंधरा वर्षं बिनबोभाट चाललेल्या कोडला सगळ्यांसमोर 'कचरा' म्हटलं. एआयकडून दोन आठवड्यांत नव्याने लिहून घेऊ म्हणे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, आणि तोच राग घेऊन घरी आलेय.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पतसंस्थेच्या व्याजाच्या कोडमध्ये मला एक विचित्र अट दिसली होती. वर कॉमेंट होती, 'काढू नये. शाखेला विचारणे.' मी विचारलं नाही. काढून टाकली. टेस्ट सगळ्या पास झाल्या.

31 मार्चला रात्री शाखेतल्या काकांचा फोन आला, "मॅडम, जुन्या ठेवींचं व्याज जुळत नाहीये हो."

ज्ञानेश्वरी 1290 ची. माउलींनी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं नकलेवरून नक्कल होत गेली आणि ज्याला जे सुचलं ते त्याने आत घुसडलं. संत एकनाथांच्या हाती आलेल्या पोथ्या अशा होत्या. त्यांची योग्यता काय सांगावी! मनात आणलं असतं तर सगळं नव्याने लिहिलं असतं. पण नाही. पाठ ताडून पाहिले, 1584 मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी लिहून ठेवलं की ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठ बदलत गेल्याने बिघडला. खाली शक घातला, स्वतःचं नाव घातलं. आणि बजावलं, यात कुणी आपली ओवी घालेल तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा.

आमच्याकडे कमिट मेसेजमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलासोबत लिहायच्या नोंदीत, काय असतं? 'फिक्स'. एवढंच. कुणी, का, कुणाला विचारून, काही नाही. चीड येते!

ती अट 'का' होती हे काकांनी मला फोनवर पाच मिनिटांत सांगितलं. जुन्या ठेवीदारांना आधीच्या नियमाने व्याज द्यायचा शब्द दिला होता. तो शब्द त्या एका ओळीत होता आणि मी तो पुसला होता. काका त्या रात्री खातेवही समोर घेऊन एकेक खातं हाताने तपासत बसले. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

काही जुना कोड खरंच टाकायच्या लायकीचा असतो, मान्य.

आणि नवं लिहायला कोण नको म्हणतंय? नाथांना स्वतःचं सांगायचं होतं ते त्यांनी भागवतात सांगितलं, 1573 मध्ये, काशीत पूर्ण करून. वेगळा ग्रंथ, स्वतःच्या नावाने. माउलींच्या ओळी खोडून त्या जागी नाही.

लीडही वाईट माणूस नाही. तरुण आहे, घाई आहे. मलाही होती. मला काकांचा फोन आला, त्याला अजून आलेला नाही.

उद्या दहाला पुन्हा मीटिंग आहे. आत्ता लीडने 'कचरा' म्हटलेल्या कोडच्या जुन्या सगळ्या आवृत्त्या काढून शेजारी शेजारी लावतेय. 'विचारणे' असं लिहिलेल्या सात जागा सापडल्यात. शाखा साडेदहाला उघडते, म्हणजे मीटिंग अकराला घ्या म्हणून मेसेज टाकलाय.