आरआयएए, जुन्या एलपी आणि मामांचा प्रीअँप

मामांनी परवा एक फिरता संदेश पुढे पाठवला आणि त्याच्या भरवशावर चार गुंड्यांचा महागडा फोनो प्रीअँप (तबकडीचा क्षीण आवाज वाढवून सेटिंगनुसार दुरुस्त करणारे यंत्र) घेण्याचे ठरवल्याचेही कळवले, म्हणून हे लिहावे लागत आहे. संदेश सांगतो की, १९८०पूर्वीच्या कोणत्याही एलपीला (३३ आरपीएमच्या तबकडीला), मग ती स्टिरिओ का असेना, आरआयएए सेटिंग, म्हणजे कापताना बदललेला स्वरांचा समतोल वाजवताना पूर्ववत करण्याचे प्रमाणित सेटिंग, लावू नये. मूळ रेकॉर्डिंगचे साल व कंपनी पाहून सेटिंग निवडावे. योग्य सेटिंग कानाला आपोआप कळते. आणि ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्यांना तर आरआयएए मुळीच चालत नाही.

यातला मूळ रेकॉर्डिंगच्या सालाचा मुद्दा निव्वळ हास्यास्पद आहे. तबकडी कापताना खर्ज दाबतात, म्हणजे चर फार हेलकावत नाही, आणि वरचे स्वर चढवतात, म्हणजे वाजवताना ते उतरवले की त्यांच्याबरोबर खरखरही उतरते. कापताना केलेला हा फेरफार उलटवणे एवढेच या सेटिंगचे काम. त्यामुळे तबकडी कधी कापली हे पाहायचे, गायकाने कधी गायले हे नव्हे. मामांच्या संग्रहातील बालगंधर्वांच्या एलपीवरची पदे ७८च्या जमान्यातली आहेत, म्हणून तिला ७८चे सेटिंग लावणे म्हणजे मोडी पोथीची देवनागरी छापील प्रत मोडी समजून वाचण्यासारखे आहे.

१९८०चे साल कुठून आले, कोण जाणे. आरआयएएचे मानक १९५४चे आहे, त्याआधी कंपन्यांची सेटिंगे वेगवेगळी असत, आणि स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५८मध्ये, त्यामुळे स्टिरिओ तबकडीसाठी जुने सेटिंग शोधण्याचे कारणच उरत नाही. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या सुरुवातीच्या एलपींचे सेटिंग आजच्या तबकडीला लावले, तर १० किलोहर्ट्झजवळ (वरच्या स्वरांत) सुमारे २ डेसिबल आणि ५० हर्ट्झजवळ (खर्जात) सुमारे ३ डेसिबल कमी होतात. कानाला कदाचित ते गोडही लागेल, पण बास-ट्रेबलच्या गुंड्या फिरवूनही तसेच होते आणि त्याने कंपनीचे सेटिंग सिद्ध होत नाही.

पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धातील मोनो एलपींबाबत, आणि त्याच जुन्या साच्यांवरून पुढे काढलेल्या प्रतींबाबत, संदेश बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. ७८च्या बाबतीतही तो बरोबर आहे; आरआयएएवर त्या बहुधा खर्जाने फुगलेल्या आणि वरच्या सुरांत दबलेल्या ऐकू येतात. मात्र त्यांना आधी सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची वेगळी सुई लागते, आणि मामांच्या प्लेअरवर ती अजून बसवलेलीच नाही.