मासा शाळेत जात नाही, पण पोट्टं म्हणजे मासा नव्हे

उन्हाळी शिबिरांची नावनोंदणी सुरू झाली की नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. लिहिला कोणी ते कोणालाच ठाऊक नाही, पुढे मात्र सगळेच ढकलतात. त्यातलं म्हणणं असं: पोहणं म्हणजे ताकद आणि सवय, बाकी काही नाही. हल्लीचे कोच पोरांना टँकच्या काठावर बसवून न्यूटन आणि आर्किमिडीज सांगतात, ते निव्वळ फी वसूल करायला. आमच्या आजोबांना विहिरीत ढकललं, ते शिकलेच ना? मासा कोणत्या शाळेत जातो? पोराला एवढंच सांगा: मान वर ठेव, बोटं घट्ट मीट, पाय जोरात आपट, हात भराभर मार. बाकीचं मोठ्यांचं बघून येतं. ज्याच्या अंगात दम, तो पुढे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि उन्हाळ्यात सकाळच्या बॅचला पोहणं. म्हणजे या मजकुरातला आरोपी मीच. तेव्हा एकेक मुद्दा घेतो.

विहिरीपासून सुरुवात करू, कारण तिथे आजोबा मध्ये येतात आणि आजोबांपुढे कोणी बोलत नाही. विदर्भातल्या खेड्यांत कित्येक पिढ्या विहिरीत पोहायला शिकल्या, हे खरंच आहे. पण त्यातल्या पुष्कळांच्या कमरेला डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधलेला असायचा आणि काठावर दोर घेऊन काका नाहीतर मामा उभा असायचा. मजकुरातून डबाही गळला आणि मामाही. तो डबा गळ्यात न अडकवता कमरेकडे का बांधत? कारण माणसाची छाती हवेमुळे तरंगते आणि कमरेखालचा भाग खाली जातो. जिथे पाण्याचा उचलून धरणारा जोर कमी पडतो, तिथेच डब्याचा आधार. आजोबांना शिकवणाऱ्याला आर्किमिडीज माहीत नसेल, पण तो शिकवत होता ते भौतिकशास्त्रच. आणि डब्याशिवाय ढकललेल्यांपैकी जे वर आलेच नाहीत, त्यांचे नातू ग्रुपवर नाहीत. हा प्रयोग करायला कृपा करून अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर जाऊ नका.

आता दमाचा मुद्दा. हा जरा सावकाश घेतो, कारण बाकीचे गैरसमज याच्याच पोटचे आहेत.

पाणी हवेच्या ८०० पटींहून अधिक दाट आहे. त्यात पुढे सरकताना होणारा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट करायचा तर विरोध चौपट, आणि तो चौपट विरोध दुप्पट वेगाने कापायचा म्हणून लागणारी शक्ती आठपट. एवढं लांब जायलाच नको. वेग फक्त १० टक्के वाढवायचा म्हटलं, तरी शक्ती ३३ टक्के जास्त लागते. सातवीतल्या पोराने दोन महिन्यांच्या शिबिरात अंगातली शक्ती एक तृतीयांशाने कशी वाढवायची, ते मजकूर सांगत नाही. अंगावर येणारा विरोध कमी करणं मात्र त्याला पहिल्या आठवड्यापासून जमतं.

पाणी किती अडवतं याचा अंदाज हवा असेल तर हे बघा. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानलेने १०० मीटर फ्रीस्टाईल ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. हा वेग ताशी पावणेआठ किलोमीटर. फुटाळ्याच्या काठाने सकाळी पळणारे, रिटायरमेंटला टेकलेले काका जरा नेटाने धावले तर त्याच्या बरोबरीने जातील. उसेन बोल्टचा १०० मीटर धावण्याचा विक्रम ९.५८ सेकंदांचा, म्हणजे ताशी सुमारे साडेसदतीस. पान झानलेच्या अंगात काय दम कमी आहे?

दुसरा पुरावा २००९ सालचा. रोमच्या जागतिक स्पर्धेत एका आठवड्यात ४३ विश्वविक्रम मोडले. त्या आठवड्यात जगभरच्या पोहणाऱ्यांचे दंड एकदम फुगले नव्हते. अंगात पॉलियुरेथेनचे सूट होते, ते शरीर आवळून गुळगुळीत करत आणि पाण्यात थोडं वर धरत. जानेवारी २०१०पासून ते सूट बंद केले गेले. आपल्या पोरांना तसला सूट मिळणार नाही, पण सूट जे करत होता त्यातलं बरंचसं नीट आडवं झाल्याने फुकट मिळतं.

म्हणून ‘मान वर ठेव’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त खुपतो. काठावरचे पालकही तेच ओरडत असतात. पोरगं मान वर करतं, चेहरा पालकांना दिसतो, पालकांना बरं वाटतं, आणि पाण्याखाली त्याचे पाय तळाकडे निघालेले असतात.

आमच्या बॅचला हे मी पाण्यातच करून दाखवतो. छातीएवढ्या पाण्यात उभं राहायचं, पोटभर श्वास घ्यायचा आणि गुडघे छातीशी धरून गोळा व्हायचं. पाठ वर येते, पोरं बुचासारखी तरंगतात. मग तोंडाने बुडबुडे काढत सगळी हवा सोडायची. बहुतेक जण हळूहळू खाली जातात, विशेषतः हडकुळे. म्हणजे आपण तरंगणार की बुडणार हे फुप्फुसातल्या हवेवर ठरतं, इतकी आपली आणि पाण्याची घनता जवळजवळ आहे. पुढची पायरी उताणं तरंगण्याची. हात अंगाशी ठेवले की पाय बुडायला लागतात. कारण प्लावक बल, म्हणजे पाण्याचा उचलून धरणारा जोर, छातीच्या आसपास वर ढकलतं, वजन बेंबीच्या खाली एकवटलेलं असतं, आणि ही दोन बलं मिळून शरीराला पायाकडून खाली फिरवतात. आता हात डोक्यामागे लांब करायचे. वजन डोक्याकडे सरकतं आणि पाय वर येऊ लागतात. मग नुसती मनगटं पाण्याबाहेर काढायची, पाय आणखी वर. एका पोरीने हे केलं आणि डोळे मोठे करून विचारलं, “सर, हात बाहेर काढला तर पाय काहून वर येऊन राहिले?” तिच्या दादाच्या बारावीच्या पुस्तकात द्रवावर अख्खं प्रकरण आहे, आणि असा प्रश्न ते घोकून पडत नाही.

हेच उलटं करून बघा. पालथं पोहताना डोकं बाहेर काढलं की चार-पाच किलोचा तो गोळा पाण्याचा आधार सोडतो, शरीर तराजूसारखं कलतं आणि मांड्या समोरून येणाऱ्या पाण्याला आडव्या होतात. मग त्या मांड्या ओढण्यासाठी दम लागतो, आणि दम लागला की मजकूरवाले म्हणतात, बघा, दमाचाच खेळ आहे! नजर तळाकडे ठेवावी. श्वासाला मान वर उचलू नये, अंगासकट कडेला वळवावी. डोक्यापुढे पाण्याची लाट उठते, तिच्या मागे तोंडापाशी खळगा पडतो. अर्धं तोंड पाण्यात असतानाही त्यातून श्वास मिळतो. घाबरट पोराला हे पटायला वेळ लागतो, लागू द्यावा.

‘पाय जोरात आपट.’ पाय आपटून जो पांढरा फेस उडतो तो काठावरून फार जोरकस दिसतो. पण फेस म्हणजे हवा. पायाने हवा ढकलून पुढे जाता येत नाही, ती पाण्याच्या आठशेव्या भागाइतकीही दाट नाही. आमच्याकडे फुटबॉल खेळणारी काही पोट्टी येतात, मांड्या लोखंडी. किकबोर्ड (धरून लाथा मारायची तरंगती फळी) हातात दिला की सगळ्यात जास्त आवाज यांचा आणि सगळ्यात कमी अंतर यांचं, एखादा तर चक्क मागे सरकतो. घोटा ताठ, पावलं तळाकडे वळलेली, गुडघ्यातून सायकल चाललेली. लाथ कमरेतून यावी, घोटा सैल असावा, पाऊल मागे लांबलेलं असावं. फ्रीस्टाईलमध्ये पुढे नेणारा बहुतेक जोर हातांचा असतो. लांब अंतराला पायांचं मुख्य काम शरीर आडवं आणि तोल सांभाळून ठेवण्याचं, आणि मांडीचे मोठे स्नायू आपटत ठेवले तर प्राणवायू तेच खाऊन टाकतात. ब्रेस्टस्ट्रोकचं गणित वेगळं, तिथे पायच राजा.

बोटांचं थोडक्यात: घट्ट मिटायची गरज नाही. किंचित मोकळी ठेवली तरी फटीतलं पाणी बोटांना चिकटून अडतं, पंजा उलट जरा रुंद झाल्यासारखा काम करतो. मुठी आवळून खांदे आखडण्यापेक्षा ते बरं.

‘हात भराभर मार.’ वेग म्हणजे एका हातात, म्हणजे हाताच्या एका फटक्यात, कापलेलं अंतर गुणिले मिनिटातले हात. मजकुराला यातला दुसराच आकडा माहीत आहे. आता पाणी मागे ढकललं की आपण पुढे जातो, हा न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. थोडं पाणी झपकन मागे फेकलं किंवा दुप्पट पाणी निम्म्या वेगाने ढकललं, तर पुढे जाण्यासाठी मिळणारा रेटा सारखाच. पण रेटा ज्यावर ठरतो त्या संवेगात (वस्तुमान गुणिले वेग) वेग एकदा येतो आणि गतिज ऊर्जेत त्याचा वर्ग येतो, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीत पाण्याला दिलेली ऊर्जा निम्मी. शहाण्या पोहणाऱ्याचा हात संथ दिसतो तो यामुळे. जास्त पाणी धरायचं तर नुसता पंजा पुरत नाही, कोपरापासून पुढचा अख्खा हात उभा करून मागे न्यावा लागतो. कोपर वर, बोटं तळाकडे. हात सरळ ठेवून खाली दाबला तर छाती वर उचलली जाते, पुढे कोणी जात नाही.

यासाठी मी पोरांना मुठी बंद करून टँकची एक लांबी पोहायला लावतो. पंजा गेला म्हणून आधी तारांबळ उडते. मग कोपराखालचा हात आपोआप पाणी शोधू लागतो. परतीला मुठी उघडल्या की एकेकाचा चेहरा बघण्यासारखा असतो. हे ‘जोरात मार’ ओरडून शंभर वर्षांत झालं नसतं.

इथे दुसऱ्या टोकाचाही कान पिळायला हवा. ‘कमीत कमी हातांत लांबी पार करा’ असाही एक सल्ला फिरतो. पोरं मग दोन हातांच्या मध्ये तरंगत बसतात, वेग पडतो आणि तो परत उचलायला जास्तच शक्ती जाते. दोन्ही आकडे एकत्र बघावे लागतात.

आणि फिजिक्सच्या नावाने चुकीचंही शिकवलं गेलंय, हे मजकूरवाल्यांनी शोधलं असतं तर त्यांना खरा दारूगोळा मिळाला असता. १९७१मध्ये अमेरिकेतले नामांकित कोच जेम्स काउन्सिलमन यांनी सहकाऱ्याबरोबर मांडलं की हात विमानाच्या पंखासारखा काम करतो, म्हणून तो पाण्यात नागमोडी फिरवावा. मार्क स्पिट्झ त्यांचाच शिष्य, १९७२ला म्युनिकमध्ये सात सुवर्णपदकं. मग कोण विरोध करणार? पंख का उचलला जातो हे सांगताना ज्याचा नियम देतात, त्या बर्नुलीचं नाव घेऊन जगभर पोरं पाण्यात इंग्रजी एस काढू लागली. पुढे मोजमापं सुधारली तसं दिसलं की फ्रीस्टाईलमध्ये मुख्य जोर हात मागे नेताना पाणी जो विरोध करतं त्यातून येतो, पंखाचा वाटा दुय्यम. आपल्याकडे काही टँकवर अजून एस चालू आहे. पण ही चूक दुरुस्त झाली ती आणखी भौतिकशास्त्राने, विहिरीत ढकलून नव्हे.

मासा शाळेत जात नाही, कबूल. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, घनता जुळवून घेणारी. शरीर टोकदार, आणि श्वास पाण्यातूनच. आपण उभं चालायला घडलेलो, फुप्फुसं एका टोकाला, वजन दुसरीकडे. माशाशी स्पर्धा करायचीच तर पाण्याखाली थोडी करता येते. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ बॅकस्ट्रोकला तीसेक मीटर पाण्याखालूनच लाथा मारत गेला, कारण पृष्ठभागावर लाटा उठवण्यात जी ऊर्जा वाया जाते ती खोलात वाचते. ते इतकं फायद्याचं निघालं की नियम करून ते रोखावं लागलं. आज मर्यादा १५ मीटरची आहे.

राहिलं ‘बघून येतं’ आणि काठावरचं लेक्चर. नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडलेत सुवर्णपदक मिळवलं, एस-११ म्हणजे दृष्टिहीनांच्या गटात. त्या गटात सगळ्यांना काळा गॉगल लावावा लागतो आणि भिंत जवळ आली हे काठीने टकटक करून सांगतात. आणि मेडले म्हणजे बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाईल, चारही. नुसतं बघून शिकायचं म्हटलं असतं तर यातलं काय आलं असतं?

लेक्चरबाबत मात्र मजकूर अर्धा बरोबर आहे. सहाला पाण्यात उतरायला आलेली पोरं काठावर बसवून फळ्यावर सूत्रं मांडणं हा वेडेपणा आहे, आणि असे कोच आहेत. मी पाण्याबाहेर पाच मिनिटांच्या वर बोलत नाही. आधी पाण्यात करून बघायचं, मग कारण विचारायचं. पण कारण सांगायचंच. शिबीर जूनमध्ये संपतं, पोरगं पुढे एकटं पोहतं, पाय बुडतायत हे त्याला जाणवतं, आणि त्या वेळी मान खाली घालायची की लाथा वाढवायच्या हे त्याचं त्यालाच ठरवायचं असतं.

ग्रुपवरच्या आईबाबांना काठावरून ओरडायचंच असेल तर ‘जोरात’ऐवजी ‘श्वास सोड’ असं ओरडा. निम्मी पोरं पाण्यात श्वास कोंडून धरतात, मग तोंड बाहेर आल्यावर आधी सोडायला आणि मग घ्यायला वेळच पुरत नाही.